बारमध्ये कुणी कुणाचं नसतं

माणूस बारमध्ये का जातो, हे माझ्या मामाला सोडून सगळ्या नाहूरला माहीत होतं. आणि मामा बारचा मालक होता.

बार छोटासा. पुढे रस्ता, मागे बंद पडलेल्या कंपनीची भिंत. रस्त्याकडचा दरवाजा नावाला. खरी वहिवाट बाजूच्या बोळातून, आणि बोळाच्या तोंडाशी मेडिकल. ही रचना मामाने केलेली नव्हती, आपोआप झाली होती, पण अर्धा धंदा त्या मेडिकलवर उभा होता. बोळात शिरताना कुणी बघितलं तर माणूस म्हणायचा, "जरा ॲसिडिटीची गोळी घेतो." दोन तासांनी बाहेर पडताना तोच भेटला तर म्हणायचा, "गर्दी होती रे."

आत दिवे असे की समोर चणे आहेत की शेंगदाणे ते चावल्यावर कळायचं. आणि एक नियम होता, जो कुणी कुणाला कधी सांगितला नव्हता. आत आलं की ओळख संपली. एकाच सोसायटीतले दोन काका दोन आणि तीन नंबरच्या टेबलावर एकमेकांकडे पाठ करून वर्षानुवर्षं बसत. सकाळी लिफ्टमध्ये भेटले की पाण्याच्या टँकरवर तावातावाने बोलत. संध्याकाळी परत पाठीला पाठ. वेटरही कुणाला नाव विचारायचा नाही. टेबलाचा नंबर तेच नाव. "सहा नंबर सोडा." "तीन नंबर चालले, बिल."

मी तिथे काउंटरवर बसायचो. मी बार्शीचा. मला आवाज काढता येतात. आमचे हेडमास्तर, एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट, कुकरची तिसरी शिट्टी, सगळं. बी.कॉम. होईपर्यंत गावातल्या सगळ्यांचे आवाज काढून झाले, तेव्हा सगळे म्हणाले, आता तू मुंबईला जाच. कौतुकाने म्हणाले की वैतागून, ते मला अजून कळलेलं नाही. मुंबईत लग्नाच्या हॉलमध्ये मिमिक्री करायची असा माझा प्लॅन होता. लग्नं नसतील तेव्हा मामाचं काउंटर.

तर तेव्हा झालं असं की मेन रोडला एक एसीवाला बार उघडला आणि मामाची दोन-तीन टेबलं रिकामी राहायला लागली. दोन-तीनच. पण गाळा मामीच्या नावावर. आणि मामीला बार कधीच आवडला नव्हता. तिला तिथे पोळी-भाजी केंद्र काढायचं होतं. आजूबाजूला एवढे टॉवर, नवरा-बायको दोघं नोकरीला, पोळ्या कुणाला नको आहेत? ती मामाला म्हणाली, "दसऱ्यापर्यंत थांबते. मी एका बुधवारी येऊन बघणार. कुठला बुधवार, ते सांगणार नाही. टेबलं भरलेली दिसली तर बार तुमचा. नाही दिसली तर तवा माझा."

"शनिवारी ये ना," मामा म्हणाला.

"शनिवारी काय, शनिवारी गटारसुद्धा भरतं. मी साध्या बुधवारीच येणार."

मामा घाबरला. मामाचं या जगात बारशिवाय काही नव्हतं. म्हणजे मामी होती, लग्न होऊन ठाण्याला गेलेली मुलगी होती, मी होतो. पण बार म्हणजे बार. पोळी-भाजी केंद्रात आपलं काम काय असेल ते त्याला चांगलं माहीत होतं. कणीक मळणं.

घाबरलेला माणूस सेमिनारला जातो. मुलुंडच्या एका हॉलमध्ये छोट्या हॉटेलवाल्यांसाठी कुठलंतरी फुकट मार्गदर्शन होतं, चहा-समोशासकट. मामा तिथून आला तो डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन.

"भाच्या," तो म्हणाला, "मला चूक सापडली. आपल्याकडे माणूस येतो, पितो, जातो. त्याला कोण विचारतं? ते सर काय म्हणाले माहितीये? गिऱ्हाईकाला घरच्यासारखं वाटलं पाहिजे."

"मामा, ते हॉटेलचं म्हणाले असतील."

"बार काय हॉटेल नाही?"

"आहे, पण माणूस घरच्यासारखं वाटायला इथं येत नाही ना. त्याला घर आहेच की."

"तू गप. तू अजून लहान आहेस, तुला घर काय असतं ते माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाने वेटरला समोर उभं केलं. हा वेटर जौनपूरचा, मुंबईत येऊन जमाना झालेला, मराठी कळतं पण बोलताना हिंदी. मामाने त्याला सांगितलं, आजपासून साहेब, बॉस, शेट बंद. टेबलाचे नंबर बंद. सगळ्यांना नात्याने हाक मारायची. पिकलेले केस, आजोबा. चष्मा आणि पोट, काका. मिशीवाला, भाऊजी. तरुण असेल तर दादा.

"और वो टेंपोवाला?" वेटरने विचारलं. "ना दादा लगता है, ना काका."

मामाने विचार केला. "त्याला मेव्हणे म्हण. मेव्हणा म्हणजे जवळचं माणूस. गोड नातं."

"मेव्हणा मतलब?"

"बायकोचा भाऊ रे."

वेटरने मान हलवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तो मनातल्या मनात त्याचं हिंदी करतोय. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. मामाने इलेक्ट्रिशियन बोलावला होता आणि तो शिडीवर चढून ट्यूबलाइट बसवत होता.

"घरात एवढा अंधार असतो का?" मामा म्हणाला. "लोकांना वाटतं आपण काहीतरी लपवतोय."

"मामा, लोकच लपवतायत."

"मग त्यांना सांग, इथं लपायची गरज नाही. घरच आहे."

मग दरवाजाचा आवाज. कुणी आत आलं की बोलणारं एक यंत्र त्याने कुठूनतरी आणलं होतं, त्यात आपला आवाज भरता यायचा. "तुझ्या कलेचा काहीतरी उपयोग होऊ दे," तो म्हणाला. "घरातल्या बाईच्या आवाजात 'या, बसा' म्हण. प्रेमळ."

मी 'या, बसा' म्हटलं, तो म्हणाला ही तर बँकेतली बाई. परत म्हटलं, तर म्हणे ही नर्स. तेव्हा मी वैतागून, निव्वळ टाइमपास म्हणून, आवाज काढला: "आलात? चपला तिकडे काढा. आणि एवढा उशीर का?"

मामा टुणकन उडी मारून उभा राहिला. "हाच. हाच ठेव. मला क्षणभर वाटलं तुझी मामीच आली."

झालं. यंत्रात तेच भरलं.

त्या संध्याकाळी पहिला माणूस आला तो सहा नंबरचा. हा आमचा सगळ्यात जुना माणूस. सडपातळ, ऑफिसची बॅग, भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि तास-सव्वा तासात एक क्वार्टर शांतपणे संपवून जायचा. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून मी "सोडा" आणि "बिल" एवढंच ऐकलं होतं. त्याने दार ढकललं. यंत्र म्हणालं, "आलात? चपला तिकडे काढा. आणि एवढा उशीर का?"

आणि तो माणूस, मान खाली घालून, बूट काढता काढता म्हणाला, "ट्रॅफिक होतं गं."

मग तो थबकला. त्याने वर बघितलं. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळा बार त्याच्या अंगावर आला. मामा हात पसरून पुढे गेला.

"या काका, या. किती वाळलात हो. घरी जेवायला घालत नाहीत का?"

सहा नंबरने मागे वळून बघितलं, की हे दुसऱ्या कुणाशी बोलतायत का. मागे कुणी नव्हतं. तो एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत भिंतीजवळ जाऊन बसला. मामा त्याच्या समोरच्या खुर्चीत. समोरच्या. त्या खुर्चीत आजवर फक्त त्याची बॅग बसली होती.

"मुलं काय करतात?" मामाने विचारलं.

"शिकतात."

"कितवीला?"

"सोडा," सहा नंबर म्हणाला, अगदी बारीक आवाजात.

सोडा आला, सोबत चखणा. चखणा म्हणजे रोजचे चणे नाहीत. दुधीची भाजी. वाटीत, वर कोथिंबीर. मामाने खास घरून करवून आणली होती, मामीला 'मलाच भूक लागते संध्याकाळी' असं सांगून. सहा नंबर त्या वाटीकडे असा बघत राहिला, जणू पळून पळून शेवटी इथंही हिने गाठलंच.

तेवढ्यात टेंपोवाला आला. हा गडी मोठा, आवाज मोठा, मनाने चांगला. यंत्राला त्याने मजेत सांगितलं, "आलो बाई, आलो." बसला. आमचा जौनपूरवाला खांद्यावर फडका टाकून, दोन्ही हात जोडून, अगदी मनापासून त्याच्यासमोर वाकला.

"आइए, साले साहब. क्या लाऊँ?"

टेंपोवाल्याने मान वर केली.

"काय म्हणालास?"

"साले साहब."

टेंपोवाला उठला. खुर्ची पडली. मामा सहा नंबरला सोडून धावला. "अहो, तसं नाही, नातं आहे ते. त्याची बायको म्हणजे तुमची बहीण, अशा अर्थाने."

"माझ्या बहिणीला मध्ये आणू नको," टेंपोवाला म्हणाला. त्याला तीन बहिणी निघाल्या. त्याने तिघींची शपथ घेऊन सांगितलं की या बारची पायरी परत चढणार नाही. बिचारा वेटर मला कोपऱ्यात विचारत होता, "भैया, सेठ ने ही तो बोला था, मीठा रिश्ता है."

पण खरा कहर दोन आणि तीन नंबरचा. ते नेहमीप्रमाणे वेगवेगळ्या वेळी आले, आपापल्या खुर्चीत बसले, पाठीला पाठ. आता ट्यूबलाइट अशी होती की समोरच्या भिंतीवरच्या आरशात, जो आरसा आहे हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं, दोघांना दोघं स्वच्छ दिसले. नजरेला नजर मिळाली. आता काय करणार? दोघं सावकाश वळले.

"अरे, तुम्ही?"

"हो, म्हणजे, जरा मेडिकलमध्ये आलो होतो."

"मीपण. ॲसिडिटी."

"हो, हवाच तशी आहे."

दोघांच्या हातात ग्लास. दोघांनी ग्लासाकडे बघितलं, जणू कुणीतरी धरायला दिलाय. मग एकाने ग्लास ठेवला, मग दुसऱ्याने. "टँकर येणारे उद्या?" "हो, सकाळी." आणि एकामागून एक गेले. अर्धा पेग तसाच. मामा त्यांच्या मागे बोळापर्यंत गेला, "अहो भाऊजी, जेवून तरी जा" करत.

पुढचे काही दिवस मामा काही मागे हटला नाही. उलट जोर धरला. तिसरा पेग मागितला की "आता पुरे हं, उद्या ऑफिस आहे" म्हणून ग्लास उचलून न्यायचा. चतुर्थीला आम्लेट मागणाऱ्याला साबुदाणा खिचडी दिली. एका तरुण मुलाला लग्नाचं विचारलं, तो म्हणाला आत्ताच मोडलंय, त्यासाठीच आलोय, तर मामाने त्याला दोन स्थळं सुचवली. दसरा जवळ यायला लागला आणि आमचा बार इतका घरासारखा झाला की संध्याकाळी त्यात फक्त घरचेच उरले. मी, मामा आणि वेटर. तिघं दुधीची भाजी खात बसायचो.

एकदा दुपारी मामी टेप घेऊन आली. बुधवार नव्हता, नुसती मापं घ्यायला आली होती. टेपचं एक टोक मला धरायला लावलं. "इथं तवा. इथं परात. आणि इथं तुझा मामा," ती म्हणाली, आणि सहा नंबरच्या खुर्चीकडे बोट केलं.

मामा फ्रीजमधल्या बाटल्या उगाच सरळ करत राहिला. तेव्हा मात्र मला गलबलून आलं. हा माणूस वाईट नव्हता हो. त्याला खरंच वाटत होतं की आपण लोकांची विचारपूस करतोय.

मी गिऱ्हाइकं शोधायला निघालो. फार शोधावं लागलं नाही. भांडुपला एक बार आहे, आमच्यापेक्षा कळकट, टेबलं हलतात. आत शिरलो आणि अंधाराला डोळे सरावल्यावर बघतो तर आमचा अख्खा बार तिथे. दोन नंबर, तीन नंबर, पाठीला पाठ. टेंपोवाला. आणि कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, सहा नंबर. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसलो. वाटलं, रोज बिल घेणाऱ्याला हा ओळखेल. त्याने माझ्याकडे बघितलं, खांबाकडे बघतात तसं, आणि परत भिंतीकडे वळला.

मी म्हणालो, "काका…" आणि जीभ चावली.

तो भिंतीला म्हणाला, "आपली ओळख आहे का?"

"नाही," मी माझ्या भिंतीला म्हणालो.

"मग ठीक."

मग मी म्हणालो, "माझ्या माहितीत एक बार आहे. तिथली माणसं येईनाशी झालीत."

"असं होतं कधी कधी," तो म्हणाला. "माझ्या माहितीत एक माणूस आहे. तो एका बारमध्ये जायचा. तिथं त्याला काका म्हणाले."

"वाईट झालं."

"त्याला घरी सगळे काही ना काही म्हणतात. अहो म्हणतात, बाबा म्हणतात, काका म्हणतात. मेव्हणा भाऊजी म्हणतो, ऑफिसात सर म्हणतात. आणि कुणी नुसती हाक नाही मारत. अहो, गॅस बुक केला का. बाबा, सही. काका, तुमच्या ओळखीने होईल का. भाऊजी, जरा पंधरा दिवसांसाठी. हाक आली की मागोमाग काम आलंच." त्याने एक घोट घेतला. "दिवसात एक तास त्या माणसाला कुणीतरी सहा नंबर म्हणायचं. सहा नंबरला कुणी काय सांगणार? सहा नंबरला बायको नाही, मेव्हणा नाही, ॲसिडिटीपण नाही."

"दुधी?" मी विचारलं.

"दुधीचं नाव काढू नका."

मी बिल दिलं. उठताना भिंतीला म्हणालो, "मी असं ऐकलंय की त्या बारमधली ट्यूबलाइट उडणार आहे."

"कधी?"

"आज परत गेल्यावर मी उडवणार आहे."

तो हसला की नाही ते अंधारात दिसलं नाही.

मी आलो आणि मामाला सगळं करून दाखवलं. सहा नंबरचा आवाज, भिंत, घोट, सगळं. हाक आली की काम आलंच, हे मी त्याच्याच बारीक आवाजात म्हटलं तेव्हा मामा खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, "मग मला कुठलं टेबल?"

"म्हणजे?"

"मला पण दिवसभर हाकाच येतात की. शेट, दूध. शेट, बर्फ. अहो, गॅस. मामा, पाचशे दे. मी कुठं जाऊन बसू?"

मी म्हटलं, "मामा, तुला काउंटर आहे ना." तो म्हणाला, "हं." मी शिडी आणली.

ट्यूबलाइट गेली, यंत्र गेलं, चणे परत आले. नंबर परत आले. पण मामाची सवय जाईना. कुणी दारात दिसला की याचे हात आपोआप पसरायचे. म्हणून मी त्याची प्रॅक्टिस घ्यायला लागलो. दुपारी बार रिकामा असताना मी दारातून वेगवेगळ्या आवाजांत आत यायचो आणि मामाने ओळख न दाखवता फक्त एवढंच म्हणायचं: पाणी की सोडा, साहेब?

मी शेजारचा मेडिकलवाला बनून आलो. मामा पास. मी सोसायटीचा सेक्रेटरी बनून आलो. पास, पण डोळा मारला. मी मामाचा वर्गमित्र झालो, मामा "अरे गाढवा" म्हणाला. नापास. मग मी माझी आई, म्हणजे मामाची थोरली बहीण झालो. "काय रे, एवढे धंदे करतोस आणि मला एक फोन नाही," असं तिच्या आवाजात म्हणत आत आलो, तर मामा ताडकन उभा राहून पाया पडायला वाकला. सपशेल नापास. वेटर हसून हसून बर्फाच्या पेटीवर बसला.

पण मामा शिकला हळूहळू. आणि माणसं परत यायला लागली. कुणाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आलीच नसती. एक दिवस बोळातून सहा नंबर आला, आत डोकावून वर बघितलं, ट्यूबलाइट नाही याची खात्री केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी दोन नंबर. मग तीन. टेंपोवाला सगळ्यात शेवटी आला आणि वेटरकडे बोट रोखून म्हणाला, "नंबर बोल." वेटर म्हणाला, "पाच नंबर." "हां," तो म्हणाला आणि बसला. भांडुपपासून ठाण्यापर्यंत बातमी फिरली असावी. इकडे कुणी काही विचारत नाही म्हणे. एसीवाल्या बारमध्ये फोन नंबर मागतात, वाढदिवस विचारतात. इथे आपण काही विचारलं तरी बारवालेच उलट गप्प बसतात.

मग तो बुधवार आला. मामी संध्याकाळी टेप न घेता आली. किचनच्या खिडकीला जी जाळी आहे तिच्यामागे स्टूल टाकून बसली, टेबलं मोजायला. आमच्याकडे टेबलं आठ. सात भरली. आठवं मात्र रिकामं. मामा काउंटरला हात टेकून उभा, दाराकडे बघत. मामी आतून मला म्हणाली, "एक रिकामं आहे."

"मामी, सात भरलीत की."

"मी भरलेली म्हणाले होते. सात म्हणाले नव्हते."

तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि आठवं गिऱ्हाईक आत आलं. ते व्याही होते.

व्याही म्हणजे मामाच्या मुलीचे सासरे. ठाण्याचे. रिटायर्ड शिक्षक. लग्नात त्यांनी साधा लिंबू सोडासुद्धा नाकारला होता, फेस बरा दिसत नाही म्हणून. आणि लग्न ठरताना मामाने त्यांना 'आमचं हॉटेल आहे' एवढंच सांगितलं होतं. कसलं हॉटेल, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि मामाने सांगितलं नव्हतं. मुलीकडच्यांनी व्याह्यांना बघून काय करायचं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. उठायचं, हात जोडायचे, खुर्ची पुढे करायची, "कधी आलात, कळवायचं तरी" म्हणायचं, घरच्यांना हाक मारायची.

मामाचे हात जोडायला वर आले. छातीपर्यंत आले. हात तिथेच थांबले, आणि मग मामाने जोरात टाळी वाजवली आणि तळवे बघितले, जणू डास मारलाय. व्याही त्याच्यासमोर उभे. दोघांची नजर एक झाली. व्याह्यांचा चेहरा असा झाला की कुणीतरी भर वर्गात त्यांनाच अंगठे धरून उभं केलंय.

"आठ नंबर रिकामं आहे," मामा म्हणाला. आवाज किंचित कापला, पण पास. "पाणी की सोडा, साहेब?"

व्याही मामाकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"सोडा," ते म्हणाले.

आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

जाळीमागे मामीने डोक्यावर पदर घेतला होता. सवयीने. व्याही दिसले की ती घेतेच. मला वाटलं, आता ही बाहेर येणार, नाहीतर मागच्या दाराने घरी जाणार आणि उद्यापासून तवा. ती पुटपुटली, "हे पितात?"

"दिसतंय तसं."

"किती वेळ बसतात माणसं इथं?"

"तास, दोन तास. घाई कुणालाच नसते."

मामी विचारात पडली. आमच्या मामेबहिणीचं रोज रात्री फोनवर एकच रडगाणं असायचं, ते मला पाठ होतं, आवाजासकट. सासरे रिटायर झाल्यापासून संध्याकाळभर स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात. पोळी लाटली की म्हणतात, कड जाड राहिली. भाजी चिरली की म्हणतात, सारखी नाही. फळ्यावर चूक काढावी तसं, एक एक. पोरगी रडकुंडीला आलेली.

मामीचा मोबाइल वाजला. मुलीचाच फोन. मामी तोंडावर पदर धरून बोलली, मला पलीकडचा आवाजही ऐकू आला.

"आई, आज घर किती शांत आहे गं. मामंजी बाहेर गेलेत. कुठे गेले काय माहीत, सांगून गेले नाहीत. मी आणि सासूबाई नुसत्या बसलोय. टीव्ही लावलाय."

"बरं," मामी म्हणाली. "बसा."

"उगाच काळजी वाटते, एवढा वेळ कुठे गेले असतील?"

"असतील कुणाकडे तरी. मोठं माणूस आहे. तू नको विचारू आल्यावर."

फोन ठेवला आणि ती जाळीतून आठ नंबरकडे बघत राहिली. व्याही चणे खात होते, एक एक करून, प्रत्येक चण्याकडे नीट बघून, आणि एकाचीही चूक न काढता. मामी उठली, पदर सारखा केला आणि मागच्या दारापाशी गेली. मामा धावत आत आला, घाम पुसत.

"आठ झाली," तो म्हणाला. "मोजून घे. आठ. आता काय ते सांग."

मामी चप्पल घालत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"त्यांच्या टेबलावरचा पंखा बंद आहे," ती म्हणाली. "तो लावा आधी. उकडलं तर लवकर उठून घरी जातील."